ऐकण्याचे धैर्य

नाशकास गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. काही वर्षांपूर्वी तेथे एक वक्ते प्रतिपादू लागले की, नाशिककडील धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडीस पाणी सोडणे न्याय्यच आहे. आम्ही पडलो नाशिककर. अर्ध्या व्याख्यानातूनच उठलो. वाटेत आमच्या कन्येने विचारले, "बाबा, त्यांचे चुकले कोठे?" आम्हांस उत्तर देता येईना, कारण आम्ही त्यांचे म्हणणे पुरते ऐकलेच नव्हते.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, स्वतंत्र वाणीचा कैवार घेणारे आम्ही स्वतंत्र श्रवणास कितपत पात्र आहोत, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात सलत आहे.

वाणीच्या स्वातंत्र्यासाठी या देशात मोठे मोल दिले गेले आहे. 1942 च्या ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा मुंबईत अवघ्या बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी सहकाऱ्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. डॉ. राममनोहर लोहियांचा आवाजही त्यावरून लोकांपर्यंत पोचला. जागा बदलत बदलत चाललेले ते केंद्र 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांच्या हाती लागले आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली.

पुढे राज्य आपले झाले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही समुदाय रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. तथापि राजकीय स्वरूपाच्या स्वतःच्या बातम्या व चर्चा या केंद्रांस वर्ज्यच ठरल्या. म्हणजे पाणी जपून कसे वापरावे, हे तेथे सांगता येईल. परंतु ते कोणास व का मिळाले नाही, यावर मंत्र्यास तासभर बसवून खोदून प्रश्न विचारता येणार नाहीत. जे वृत्तपत्रात छापता येते आणि दूरचित्रवाणीवर ओरडून सांगता येते, ते निरक्षर शेतकऱ्याच्याही कानी पडणाऱ्या या स्वस्त साधनावरून मात्र बोलता येऊ नये, यात आम्हांस न्याय दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, रेडिओ आग लावू शकतो. ही भीती निराधार नाही. रवांडात 1993 साली निघालेल्या एका खासगी रेडिओने 1994 च्या वंशसंहारात तुत्सींविरुद्ध द्वेष पेटविला. परंतु त्या केंद्राचा दोष राजकारण बोलण्याचा नव्हता. ज्यांच्याविरुद्ध विष ओकले जाई, त्यांस तेथे उत्तरास जागा नव्हती, हा तो दोष होय. उलट 1949 साली अमेरिकेत बर्कली येथे शांततावादी लुईस हिल यांनी काढलेले केपीएफए केंद्र पाहा. ते जाहिरातींवर नव्हे, श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिले, आणि प्रस्थापितांस न रुचणाऱ्या विचारांस त्याने सविस्तर बोलण्यास अवकाश दिला.

परंतु येथेच खरी मेख आहे. वर्गणी देणारा श्रोता जर आपल्याच मताचा प्रतिध्वनी मागू लागला, तर धनिकाची सत्ता जाऊन श्रोत्याची सत्ता येते, एवढेच! पुरोगामी म्हणविणारा मुलाखतकार पुरोगामी पुढाऱ्यापुढे नुसती मान डोलवू लागला, तर तो दरबारी भाटाहून निराळा कसा? आपल्या पक्षाच्या पाहुण्यासही अवघड प्रश्न विचारणे आणि विरुद्ध पक्षाच्या पाहुण्याचे वाक्य पुरे होऊ देणे, ही आमच्या मते स्वतंत्र वाणीची कसोटी होय. आज पॉडकास्टमुळे तास-दोन तासांच्या मुलाखती घरबसल्या ऐकता येतात. पण त्याबरोबर नावडता आवाज बोटाच्या एका स्पर्शाने बंद करण्याची सोयही आली आहे. आम्ही पटांगणातून निदान चार लोकांच्या देखत उठलो होतो!

सरकारने ही बंदी उठवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ती उद्या उठली आणि जायकवाडीखालचा एखादा शेतकरी रेडिओवर आपली कैफियत मांडू लागला, तर आम्ही नाशिककर ती शेवटपर्यंत ऐकू काय? कन्येच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस एवढे तरी शिकलेच पाहिजे.