पुसलेली ओळ आणि प्रध्वंसाभाव

डेटाबेसमधली ओळ ‘डिलीट’ केल्यावर ती नाहीशी होते का, हा प्रश्न मुळात अभावाचा आहे. न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले. घडा घडण्यापूर्वीचा तो प्रागभाव, फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो.

जामखेड तालुक्यातल्या कोणत्याही गावचा जुना सातबारा पाहावा. खातेदार वारला म्हणून त्याचे नाव कोणी खरवडून काढत नाही. वारसाची फेरफार नोंद धरली जाते, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मग जुन्या नावाला कंस पडतो. कंसातल्या नावाला हक्क उरत नाही, पण ते वाचता येते.

पोस्टग्रेससारखा डेटाबेसही असाच वागतो. डिलीट केलेल्या ओळीवर ती काढणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक पडतो. ओळ डिस्कवरच राहते. अपडेटसुद्धा जुनी ओळ ठेवून नवी लिहितो, कारण आधी सुरू झालेला एखादा अहवाल अजून जुने चित्र वाचत असतो. एकाच क्षणी ती ओळ एकासाठी आहे आणि दुसऱ्यासाठी नाही. नैयायिकांचा प्रध्वंस सर्वांसाठी एकच असतो. त्यापेक्षा एका अपेक्षेने ‘आहे’ आणि दुसऱ्या अपेक्षेने ‘नाही’ म्हणणारा जैनांचा स्याद्वाद इथे अधिक जवळचा ठरतो.

पोस्टग्रेसमधला व्हॅक्यूम हा सफाईचा कार्यक्रम अशा मृत ओळींची जागा मोकळी करतो. मूळ सेटिंगप्रमाणे मृत ओळी टेबलाच्या २० टक्के अधिक ५० यांच्या पुढे गेल्या की तो आपोआप सुरू होतो. फाइल मात्र सहसा आकसत नाही. जागा त्याच टेबलाच्या नव्या ओळींसाठी राहते. ती डिस्कला परत हवी असेल तर व्हॅक्यूम फुल चालवावा लागतो. त्यात टेबल नव्याने लिहिले जाते, तोवर ते कोणाला वाचताही येत नाही, आणि नव्या प्रतीपुरती रिकामी जागा आधीच हाताशी लागते. भर कामकाजात हे करणे चूकच.

मग ओळीचा प्रध्वंस नेमका कधी होतो? डिलीटच्या क्षणी नव्हे. तिला पाहू शकणारे शेवटचे ट्रान्झॅक्शन संपते, तेव्हा. व्हॅक्यूम ही त्यानंतरची उत्तरक्रिया. सकाळी उघडून विसरलेले एकच ट्रान्झॅक्शन त्यानंतर मेलेल्या लाखो ओळींची उत्तरक्रिया अडवून धरू शकते. डिस्क भरत आली की आधी ते शोधावे. व्हॅक्यूम फुलचा विचार त्यानंतर.