तीन दिवसांत गुण

कोल्हापुरात पैलवानाच्या अंगावर नायटा दिसला तर कुणी दचकत नाही. तालमीत राहायचं, एका खोलीत आठ-दहा जणांनी झोपायचं, सकाळचा ओला लंगोट खिडकीच्या गजावर टाकायचा आणि संध्याकाळी तोच कसायचा. जांघेत खाज सुटली की 'घामाचं हाय' म्हणून सोडून द्यायचं. ही गोष्ट अशाच एका तालमीतली. माणसं रचलेली आहेत. बुरशी, विषाणू आणि मलम खरी आहेत.

तालमीतल्या एका पैलवानाचा मामेभाऊ एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होता. सगळी तालीम त्याला 'डॉक्टर' म्हणायची, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ही हाक फार गोड लागते. मायक्रोबायोलॉजी त्याची तोंडपाठ. कातडीच्या बुरशीचे तीन वंश आणि त्यांचे मोठे बीजाणू कसे दिसतात, तो झोपेतही सांगायचा: मायक्रोस्पोरमचे दोन्ही टोकांना निमुळते, ट्रायकोफायटॉनचे पेन्सिलीसारखे, एपिडर्मोफायटॉनचे गदेसारखे. गदा म्हटल्यावर कोल्हापूरचा मुलगा विसरणार कसा!

एका रविवारी आतेभावाने त्याच्यापुढे बनियन वर केलं. कमरेला रुपयाएवढे दोन चट्टे. कड लाल आणि उंचावलेली, तिच्यावर बारीक खवले, मध्ये कातडी जवळजवळ साफ.

"टिनिया कॉर्पोरिस," डॉक्टर म्हणाला.

"म्हंजे?"

"नायटा."

"ते मला बी ठावं हाय. घालवायचा कसा ते सांग. जत्रंचं मैदान महिन्यावर आलंय."

निदान बरोबर होतं. दोघे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने न विचारता ट्यूब काढली. "ही लावा, तीन दिवसांत गुण." डॉक्टरने मागचं बारीक अक्षर वाचलं. क्लोट्रिमॅझोल. बुरशीवर चालतं. पुढे आणखी दोन नावं होती, तीही त्याने वाचली. पण आपल्याला हवं ते नाव सापडलं की पुढचं वाचणं हे नुसतं डोळे फिरवणं असतं. त्याने मान डोलावली.

आणि तीन दिवसांत खरंच गुण आला. खाज गेली, लाली उतरली. तालमीत डॉक्टरचा भाव वधारला. ट्यूब या खुंटीवरून त्या खुंटीवर फिरू लागली, संपली की नवी येऊ लागली.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या तीन दिवसांत आहे. नायट्याची बुरशी कातडीच्या मेलेल्या थरातलं केरॅटिन खाऊन जगते. लाली, सूज, खाज हे तिचं काम नव्हे. तो शरीराने तिच्याशी मांडलेला झगडा. कड लाल असते कारण झगडा कडेवर चालू असतो. ट्यूबमधलं दुसरं नाव होतं बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. त्याने झगडणाऱ्याचे हात बांधले. बुरशी तिथेच राहिली. आयव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी १९६८ मध्ये अशा नायट्याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हटलं, वेष पालटलेला नायटा. भारतात तो आज इतका झाला आहे की पुस्तकातलं स्वच्छ गोल वर्तुळ ओपीडीत दिसलं तर शिकवणारे मुलांना मुद्दाम हाक मारून दाखवतात.

पंधरा-वीस दिवसांत आतेभावाच्या कमरेचे चट्टे पाठीवर गेले. वर्तुळात वर्तुळ, कड कुठे आहे कुठे नाही. मलम बंद केलं की आग आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायचं. तालमीतल्या आणखी काहींच्या मानेवर, दंडावर उठलं. आणि साताऱ्याकडून आलेल्या एका नव्या पोराच्या गालावर वेगळंच काही उठलं: लाल जागेवर पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका, डोळ्याच्या बाजूला सरकलेला. कुणी म्हणालं नायटा चिघळला, कुणी म्हणालं नागीण. त्याच्याही गालावर एकाने तीच ट्यूब लावली.

वस्तादांनी त्या दिवशी कुस्ती थांबवली आणि सगळ्यांना टेम्पोत घालून सीपीआर रुग्णालयात नेलं. डॉक्टरही निघाला, जरा मागे-मागेच.

त्वचारोग विभागातल्या मॅडमनी पाठ बघितली, काही बोलल्या नाहीत. बोथट पात्याने चट्ट्याची कड खरवडली, मधला भाग नाही. खवले काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, वर कव्हरस्लिप ठेवली. केरॅटिन विरघळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात त्यांनी खिशातली ट्यूब मागून घेतली आणि डॉक्टरच्या हातात दिली.

"वाच. मोठ्याने."

"क्लोट्रिमॅझोल... बीटामेथासोन..." दुसऱ्या नावावर त्याचा आवाज उतरला. तिसरं नाव, निओमायसिन, जेमतेम ऐकू आलं.

"आता ये, बघ."

डॉक्टरने सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. "दिसली! जाळं दिसतंय."

"त्या पेशींच्या कडा आहेत. प्रत्येक बॅचला त्याच बुरशी वाटतात. कंडेन्सर खाली घे, उजेड कमी कर. एकाच जाडीचा, मध्ये पडदे असलेला, फांद्या फुटलेला, पेशींची हद्द न मानता आरपार जाणारा धागा शोध."

त्याने शोधला. शोधावा लागलाच नाही. सगळी काचपट्टी धाग्यांनी भरली होती. स्टेरॉइड लावलेल्या नायट्यात असंच असतं. वरून सौम्य दिसणाऱ्या कातडीत बुरशी भरपूर सापडते.

वस्ताद इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. "मॅडम, आमच्या मातीत हळद हाय, ताक हाय, लिंबू हाय. मातीनं कुनाला काय व्हत न्हाई."

"मातीवर मी काही बोललेच नाही, वस्ताद. पैलवानांत जास्त करून माणसाच्याच कातडीवर जगणारी ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स सापडते. गळ्यात गळा पडला की ती पुढे जाते. एकाचा टॉवेल दुसऱ्याने घेतला, तरी जाते. आणि मॅट असेल तर ती रोज जंतुनाशकाने पुसायला हवी."

मग त्या नव्या पोराकडे वळल्या. त्याच्या गालाला हातमोजा घालूनच हात लावला.

"खाजतं की जळजळतं?"

"जळजळालंय. आदी कणकण आली हुती. हितं मानंला गाठ बी आलीया."

एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असेल. तालमीत ते कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी एक फोड उघडला, तळ खरवडला, रंग देऊन काचपट्टी पाहिली: अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी. ही झँक चाचणी. ती हर्पिसच्या कुळातला विषाणू आहे एवढं सांगते, कुठला ते सांगत नाही, त्याला पीसीआर लागतं. नागीण म्हणणारा म्हणजे नायटा म्हणणाऱ्यापेक्षा जवळ होता. नागिणीचा विषाणू याच कुळातला. पण कुस्तीगीर, तरुण, चेहरा आणि मान, आधी ताप: हा हर्पिस सिम्प्लेक्स. १९८९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना तो झाला होता.

"डोळ्याच्या विभागात आत्ताच्या आत्ता घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करतेय. हा विषाणू बुबुळात उतरला आणि वर स्टेरॉइड पडलं, तर नजर जाऊ शकते. आणि वस्ताद, फोड गेले तरी विषाणू मज्जातंतूच्या गाठीत आयुष्यभर राहतो. ह्याला पुन्हा कधी गालावर चुरचुरलं, तर त्या दिवशी लढवायचं नाही."

डोळा सुटला. थोडक्यात.

डोळ्याच्या विभागातून परत आल्यावर डॉक्टर मॅडमजवळच घुटमळत राहिला. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी एक जुनी काचपट्टी लावून दिली. रुंद, फितीसारखे धागे, पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात. "२०२१चा मे महिना. म्युकर. तोच पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, फक्त खवल्यांच्या जागी नाकातला तुकडा." ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात, हे २०२० मध्येच सिद्ध झालं होतं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांनाही ते दिलं गेलं, जास्त दिवस दिलं गेलं, साखर न तपासता दिलं गेलं. आणि त्यातल्या काहींच्या टाळूत, डोळ्यांच्या खोबणीत बुरशी शिरली. "औषध चांगलंच होतं," मॅडम म्हणाल्या. "नायट्यावर मात्र ते कुठल्याच हिशेबात बसत नाही."

आतेभावाला आधी टर्बिनाफाइन दिलं, उपयोग झाला नाही. आपल्याकडे आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिचं हे नाव २०२० मध्ये ठेवलं गेलं, आणि तिच्या बऱ्याच प्रकारांना टर्बिनाफाइन लागू पडत नाही. मग इट्राकोनॅझोल. आठवड्यांवर आठवडे, चट्टे गेल्यावरही काही दिवस. तालमीत प्रत्येकाचा टॉवेल वेगळा झाला, लंगोट रोज धुऊन उन्हात पडू लागले, आणि अंगावर काही दिसलं की वस्ताद पोराला आखाड्याच्या कडेला बसवू लागले. जत्रेचं मैदान आलं, पोरं कुरकुरली, महिन्याच्या खुराकाचा हिशेब काढू लागली.

"जत्रा दरसाल येतीया," वस्ताद म्हणाले, आणि एकालाही उतरवलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जाणता वैद्यकीय निर्णय हाच होता, आणि तो घेणारा सातवी नापास होता.

२०१८ पासून कातडीला लावायची चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. ती नुसत्या नावावर मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वैद्यकीय विद्यार्थी असाल तर आज घरी जाऊन फडताळातली, होस्टेलच्या खोलीतली ट्यूब काढा आणि मागची सगळी नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी काही असेल, तर ती नायट्यावर लावू देऊ नका, आणि कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारून चट्टा दाखवला, तर त्याला कड खरवडून बघणाऱ्याकडे पाठवा.