सम्राटाला दोनदा अडवणारा बिशप

चौथ्या शतकातली गोष्ट. इटलीतल्या मिलान शहरात तेव्हा रोमन सम्राटाचा दरबार भरत असे. त्या शहरात अँब्रोज नावाचा एक प्रांताधिकारी होता. हुद्दा मोठा, घराणं नावाजलेलं आणि न्यायनिवाडा चोख. इ.स. 374 मध्ये मिलानचा बिशप वारला आणि नवा बिशप कोण, यावरून ख्रिस्तमंडळीत दोन तट पडले. प्रकरण हातघाईवर येईल या भीतीने अँब्रोज स्वतः चर्चमध्ये गेला आणि लोकांना शांत राहायला सांगू लागला. लोक शांत झाले आणि मग त्याच्याच नावाचा गजर सुरू झाला. दोन्ही तटांना हाच माणूस बिशप म्हणून हवा होता.

अँब्रोजचा तोवर बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. त्याने परोपरीने नकार दिला, पण लोक हटेनात. अखेर त्याचा बाप्तिस्मा झाला आणि आठवड्याभरातच, 7 डिसेंबरला, तो बिशप झाला. काल निकाल देणारा माणूस आज वेदीपाशी उभा राहिला. दरबार कसा चालतो, हुकूम कसा निघतो, सम्राटाचा राग कसा चढतो आणि कसा उतरतो, हे त्याला आतून ठाऊक होतं. त्याच्या पुढच्या आयुष्यात या ज्ञानाचं बळही दिसलं आणि त्यातला धोकाही.

पहिली परीक्षा लवकरच आली. इ.स. 378 मध्ये गॉथ टोळ्यांनी रोमन फौजेचा दारुण पराभव केला. सम्राट व्हॅलेन्स रणातच पडला. गावंच्या गावं लुटली गेली, माणसं कैद होऊन गुलामांच्या बाजारात विकली जाऊ लागली. त्यांना सोडवायचं तर पैसा हवा, आणि तो कुठून आणायचा? अँब्रोजने चर्चमधली सोन्याची पवित्र पात्रं वितळवली आणि त्या सोन्यातून कैदी सोडवले. विरोधकांनी गिल्ला केला की बिशपाने देवाचं धन मोडलं. अँब्रोजचं म्हणणं सरळ होतं. प्रभूने प्रेषितांना सोनं न देताच जगात पाठवलं. चर्चजवळ सोनं असेल तर ते साठवण्यासाठी नसून अडल्यानडल्यांसाठी आहे. पात्रं वाचवायची की माणसं, असा प्रश्न उभा राहिला तर माणसंच वाचवायची.

लोकांना हे पटलं आणि बिशपाच्या शब्दाला वजन आलं. हे वजन त्याने पुढे कुठे वापरलं, तीच आपली गोष्ट आहे.

दहा वर्षं गेली. इ.स. 388 मध्ये थिओडोसियस हा सम्राट मिलानमध्ये मुक्कामाला होता. तो श्रद्धाळू ख्रिस्ती, पण राज्यकर्ता म्हणून कडक. त्याच्या कानावर पूर्वेकडून एक बातमी आली. युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावात, म्हणजे आजच्या सिरियातल्या रक्का शहरात, ख्रिस्ती जमावाने यहुदी लोकांचं प्रार्थनाघर जाळलं होतं. जमावाला चिथावणी देणारा दुसरा कुणी नसून तिथला बिशपच होता. सम्राटाने निवाडा दिला की प्रार्थनाघर बिशपाने आपल्या खर्चाने पुन्हा बांधून द्यावं आणि जाळपोळ करणाऱ्यांना शिक्षा व्हावी.

निवाडा न्यायाचा होता. ज्याने जाळलं त्याने बांधून द्यावं, हे लहान मुलालाही कळतं. पण अँब्रोजला तो सहन झाला नाही. ख्रिस्ती बिशपाने यहुद्यांचं प्रार्थनाघर बांधावं ही कल्पनाच त्याला धर्मद्रोहाची वाटली. त्याने सम्राटाला लांबलचक पत्र लिहिलं. सम्राटाने हुकूम थोडा सौम्य केला, तरी त्याचं समाधान झालं नाही. मग एके दिवशी सम्राट चर्चमध्ये आलेला असताना त्याने भर प्रवचनात हा विषय काढला. प्रवचन संपवून तो खाली उतरला, सम्राटासमोर उभा राहिला आणि म्हणाला की हे प्रकरण मिटवण्याचं वचन मिळाल्याशिवाय मी वेदीकडे जाणार नाही. सम्राटाने हुकूम बदलण्याचं मान्य केलं. बिशप जागचा हलला नाही. चौकशीच बंद झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. सगळ्या मंडळीदेखत सम्राटाने तेही कबूल केलं. मगच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पुढे सुरू झाली.

बिशप जिंकला. मिलानमधल्या कित्येकांना आनंदही झाला असेल की आपल्या धर्मगुरूपुढे सम्राट नमला. पण नदीकाठच्या त्या गावातल्या यहुद्यांच्या पदरात काय पडलं? त्यांच्या प्रार्थनेची जागा राख झाली होती. न्याय हाताशी आला होता, तोही हिरावला गेला, आणि हिरावणारा होता वेदीपुढे उभा असलेला माणूस. ज्या प्रभूच्या नावाने अँब्रोज बोलत होता, तो स्वतः यहुदी आईच्या पोटी जन्मला आणि शब्बाथ दिवशी अशाच प्रार्थनाघरात जाऊन शास्त्र वाचत होता. त्या दिवशी मिलानच्या चर्चमध्ये याची आठवण कुणालाच झाली नाही.

दोन वर्षं लोटली. इ.स. 390 मध्ये ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरात दंगल उसळली. बायबलमधल्या प्रेषित पौलाने जिथल्या मंडळीला दोन पत्रं लिहिली, तेच हे शहर. निमित्त क्षुल्लक होतं. तिथला लष्करी अधिकारी बुथेरिक याने एका लोकप्रिय सारथ्याला गुन्ह्याबद्दल कैदेत टाकलं. रथशर्यती तोंडावर आल्या होत्या. लोकांनी त्याला सोडण्याची मागणी केली, अधिकाऱ्याने ती नाकारली, आणि खवळलेल्या जमावाने त्या अधिकाऱ्यालाच ठार मारलं.

बातमी मिलानला पोचली आणि सम्राट संतापाने पेटला. रागाच्या भरात त्याने शहराला धडा शिकवण्याचा हुकूम दिला. काही वेळाने राग उतरला, दुसरा हुकूम निघाला, पण तोवर उशीर झाला होता. शर्यतीच्या मैदानात जमलेल्या लोकांवर सैनिक तुटून पडले. दोषी कोण, निर्दोष कोण, पाहुणा कोण, मूल कोण, कुणी विचारलं नाही. सात हजार माणसं कापली गेली, असं थिओडोरेट हा जुना इतिहासकार लिहितो. सोझोमेन या दुसऱ्या इतिहासकाराने एका व्यापाऱ्याची हकिकत नोंदवली आहे. त्याचे दोन मुलगे सैनिकांच्या हाती सापडले होते. मुलांच्या बदल्यात मला मारा, असं म्हणत त्याने सोनंही देऊ केलं. सैनिक म्हणाले, दोघांतला एक निवड. बाप एकाकडे बघे, दुसऱ्याकडे बघे आणि रडे. त्याला निवडता आलं नाही. सैनिकांनी दोघांनाही मारलं.

मिलानच्या बिशपाला हे कळलं तेव्हा त्याच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. पहिली गप्प राहण्याची. सम्राट आपल्याच धर्माचा, आपल्या चर्चचा आश्रयदाता, आणि राज्यकारभार हे त्याचं काम. दुसरी वाट होती गाजावाजा करण्याची. सम्राटाला चारचौघांत झोडपून टाळ्या मिळवता आल्या असत्या. अँब्रोजने यातली एकही वाट धरली नाही. आजारपणाचं कारण सांगून तो शहराबाहेर गेला आणि तिथून त्याने सम्राटाला स्वतःच्या हाताने एक खाजगी पत्र लिहिलं, लेखनिकाच्याही नजरेला पडू नये म्हणून.

त्या पत्रात त्याने दावीद राजाची आठवण दिली. दावीदही मोठा राजा, देवाचा लाडका. त्याच्या हातूनही निरपराधाचं रक्त सांडलं होतं. नाथान संदेष्ट्याने त्याचा अपराध त्याच्यासमोर मांडला तेव्हा त्याने सबबी सांगितल्या नाहीत, आपला दोष कबूल केला. अँब्रोजने सम्राटाला तसंच करायला सांगितलं. जोवर पश्चात्ताप होत नाही, तोवर सम्राटाच्या उपस्थितीत मला मिस्सा अर्पण करता येणार नाही, असंही त्याने नम्रपणे पण स्पष्ट कळवलं.

पुढच्या काळात रूबेन्स आणि व्हॅन डाइक या चित्रकारांनी चर्चच्या दारात सम्राटाला अडवणारा बिशप रंगवला. तो नाट्यमय प्रसंग थिओडोरेटच्या लेखनातून आलेला आहे. खुद्द अँब्रोजचं जे पत्र आपल्यापर्यंत पोचलं आहे, त्यात असा दरारा नाही. त्यात एका धर्मगुरूची एका पापी माणसाबद्दलची कळकळ आहे.

आणि सम्राट नमला. त्याने राजवस्त्रं उतरवली, भर चर्चमध्ये तो सामान्य माणसासारखा रडला आणि देवाची क्षमा मागितली. त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला. थिओडोरेट सांगतो की यापुढे देहदंडाच्या हुकुमाची अंमलबजावणी तीस दिवस थांबवून ठेवावी, असा कायदाही त्याने केला. राग उतरायला आणि विचार करायला मिळालेले ते तीस दिवस. मेलेली माणसं परत आली नाहीत. पण जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला मान्य करावं लागलं की त्याच्या हुकुमाच्या वरही एक न्याय आहे.

आता वाचकहो, दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. बिशप तोच, सम्राट तोच, वेदी तीच. हाती असलेलं साधनही तेच, मिस्सा थांबवण्याचं. एकदा त्याने घडलेला न्याय मोडला, एकदा घडलेला अन्याय उघडा पाडला. फरक कुठे पडला? कॅलिनिकमच्या वेळी तो आपल्या माणसांचा गुन्हा झाकायला उभा राहिला आणि त्याची किंमत परक्यांना मोजावी लागली. थेस्सलनीकाच्या वेळी दूरच्या, मुक्या झालेल्या मेलेल्यांसाठी त्याने स्वतःचं पद पणाला लावलं. त्यात त्याचा काडीचा लाभ नव्हता.

चर्चने राजकारणात पडावं की पडू नये, यावर ख्रिस्ती लोक आजही वाद घालतात. काही म्हणतात, कैसराचं कैसराला द्यावं, चर्चने प्रार्थना करावी आणि गप्प बसावं. काही म्हणतात, समाज सुधारायचा तर सत्तेचा लगामच चर्चच्या हाती हवा. पहिल्यांचं ऐकलं असतं तर थेस्सलनीकाचं रक्त कुणी बोलून दाखवलं नसतं. दुसऱ्यांचं ऐकलं की कॅलिनिकम घडतं. अँब्रोजने सम्राटाचं सिंहासन मागितलं नाही, कर ठरवले नाहीत, सैन्य हाकलं नाही, तेव्हाच त्याचा शब्द सर्वांत सामर्थ्यवान ठरला.

चर्च हे शिकलं, पण फार सावकाश. इ.स. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविरुद्धच्या द्वेषाचा जाहीर निषेध केला. त्याच वर्षी 7 डिसेंबरला, म्हणजे संत अँब्रोजच्या सणादिवशी, प्रत्येक माणसाच्या धर्मस्वातंत्र्याची घोषणा झाली. तिच्यावर सही करणारे पोप सहावे पॉल हे पूर्वी मिलानचेच आर्चबिशप होते. अँब्रोजच्या गादीवर बसलेल्या माणसाने अँब्रोजची चूक दुरुस्त केली. त्याला जवळजवळ सोळाशे वर्षं लागली. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनेही धर्मगुरूंना राज्यसत्तेत वाटा असलेली पदं स्वीकारायला मनाई केली आहे. बोलावं जरूर, पण खुर्ची घेऊ नये, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले, तेव्हा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा होता. तहान कुणाचा धर्म विचारत नाही. त्यांचा आवाज तिथल्या प्रत्येक माणसासाठी होता, म्हणून तो चर्चबाहेरच्या लोकांनाही आपला वाटला.

अल्पसंख्य समाजाने आपल्या शाळांसाठी, दफनभूमीसाठी, सुरक्षिततेसाठी आवाज उठवणं हा त्याचा हक्क आहे. तो बजावायलाच हवा. पण आवाज केवळ आपल्यापुरताच उठत असेल आणि शेजाऱ्याचं घर जळताना तो बसत असेल, तर तो सुवार्तेचा आवाज राहत नाही.

तात्पर्य : चर्चने सत्तेशी बोलावं ते दुबळ्यांसाठी, खरं तेच, आणि स्वतःसाठी काही न मागता. आपल्या माणसाने केलेला अन्याय हाही अन्यायच असतो, आणि परक्याचं रक्त हेही रक्तच असतं. म्हणून यापुढे कुणीही धर्मगुरू, कुठल्याही धर्माचा असो, राजकारणावर बोलू लागला, तर त्याचा विरोध किंवा जयजयकार करण्याआधी एवढंच विचारा की हा कुणाच्या दुःखासाठी बोलतो आहे. आणि तो प्रश्न आधी आपल्या स्वतःच्या मंडळीला विचारा.