पंचहौदचा चहा आणि परक्या आयुष्याचा निवाडा

दुसऱ्याच्या आचरणाचे माप काढण्याची सवय धर्माच्या नावाने कशी प्रतिष्ठा पावते, हे पाहू जाणाऱ्याला पुण्याच्या इतिहासात पंचहौद मिशनच्या चहाइतके बोलके प्रकरण क्वचितच सापडेल. ऑक्टोबर १८९० मध्ये या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या व्याख्यानाला न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली होती. तेथे चहा आला, काहींनी तो घेतला, काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला, आणि पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध केल्यावर शहरात ग्रामण्य माजले. ग्रामण्य म्हणजे एखाद्याच्या आचारावरून ज्ञातीत उठणारा आणि त्याला पंक्तीला घ्यावे की वाळीत टाकावे, इथवर जाणारा वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि पेला कोणाच्या ओठांना लागला व कोणाच्या लागला नाही, यावर विद्वानांची बुद्धी खर्ची पडली.

धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही हा निवाडा मुळातच अवघड होता. प्रायश्चित्त म्हणजे पापक्षालनासाठी सांगितलेले व्रत, दान, जप इत्यादी कर्म. परंतु मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पापमुक्तीच्या साधनांत अनुतापाचीही, म्हणजे केल्या कर्माबद्दल मनापासून वाटणाऱ्या पश्चात्तापाचीही, गणना करतो. अनुताप ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. शेजाऱ्याला दिसतो तो फक्त विधी. म्हणून दुसऱ्याच्या शुद्धीचा निर्णय चारचौघांनी करायचा म्हटले, की माप अपरिहार्यपणे बाहेरच्या खुणेवर येते. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तरी वाद शमला नाही, यात म्हणूनच नवल वाटू नये.

अधिक विचार करायला लावते ते रानड्यांचे उदाहरण. १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले, ते स्नेह्यांच्या घरांतील अडचणी दूर व्हाव्यात म्हणून. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून हे कळते आणि हा निर्णय खुद्द रमाबाईंनाही रुचला नव्हता, हेही कळते. सनातन्यांनी ज्यांना चहासाठी दोषी धरले, त्यांनाच आता सुधारकांनी प्रायश्चित्तासाठी दोषी धरले. दोन्ही पक्षांची मते परस्परविरुद्ध असली, तरी निवाड्याची रीत एकच होती: एक दृश्य कृती उचलायची, तिच्यावरून सबंध माणूस तोलायचा, आणि त्याच्या उणेपणात आपल्या निष्ठेचा पुरावा शोधायचा. तुलनेचे खरे फळ हेच असते. दुसऱ्याविषयी त्यातून फारसे ज्ञान होत नाही, मात्र स्वतःविषयी आश्वासन मिळते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत ‘अपैशुन’ येते. इतरांचे दोष उघडे करीत न फिरणे, हा त्याचा अर्थ. पतंजलीची योगसूत्रे आणखी पुढे जातात: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा बाळगल्याने चित्त प्रसन्न होते, असे ती सांगतात. यांतील मुदिता सर्वांत कठीण म्हणावी लागेल, कारण दुसऱ्याचा चांगुलपणा आपल्याला लहान करीत नाही, हे तिथे मनोमन पटावे लागते. उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे. ज्याचे अंतरंग आपल्याला अगम्य आहे, त्याच्या पापपुण्याचा हिशेब आपल्याकडे न घेणे, एवढाच तिचा आशय घेणे उचित ठरेल.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: निवाडाच करायचा नाही, तर अन्यायाला अन्याय कोणी म्हणायचे? याचे उत्तरही त्याच शहरात, पंचहौदपासून फार दूर नसलेल्या गंज पेठेत मिळते. चहाच्या वादाला तोंड फुटले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जोतीराव फुले यांचे निधन झाले. अस्पृश्य मानलेल्यांसाठी त्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये खुला केला होता, तेव्हा त्यांनी एका रूढीवर अत्यंत कठोर निर्णय दिला होता. पण पाणी भरायला येणाऱ्यांपैकी कोण किती शुद्ध, हे ठरवण्याची गरज त्या निर्णयाला कुठेच पडली नाही.