अधिकार आणि पुढाकार



‘अधिकार’ हा शब्द व्यवहारात एका अर्थाने योजिला जातो, शास्त्रात दुसऱ्या. व्यवहारात अधिकार म्हणजे पद. शास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता. पहिला दुसऱ्याने द्यावा लागतो, दुसरा ज्याचा त्यानेच आचरणाने मिळवावा लागतो. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळ सत्कार्ये ‘हे माझे काम नव्हे’ या एका वाक्यापाशी अडून राहतात.

या बाबतीत पंडित म्हाइंभटांचे चरित्र मननीय आहे. श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर मार्गाची धुरा पुढे आचार्य श्रीनागदेवांकडे आली. म्हाइंभट आचार्य नव्हते. लीळांचा ग्रंथ करा, असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर रिद्धपुरी आचार्य एकांती लीळांचे मनन करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले की, ज्यांनी लीळा पाहिल्या ते आज आहेत, उद्या नसतील. मग ज्यांना सन्निधान घडले नाही, त्यांनी स्मरण कशाचे करावे?

ही उणीव दिसताच ते गप्प राहिले नाहीत, आणि परस्पर लिहावयासही बसले नाहीत. त्यांनी आचार्यांपुढे आपला हेतू ठेविला व अनुमती मिळविली. आचार्यांनी सांगावे, म्हाइंभटांनी टिपून घ्यावे, असा क्रम चालला. ज्या लीळा इतरांनी अनुभविल्या होत्या, त्यांसाठी ते त्या त्या भक्तांकडे गेले. जो पंडित एकेकाळी वादात जिंकण्यासाठी बोलत असे, तो आता केवळ ऐकण्यासाठी प्रश्न करू लागला. आपला पूर्वीचा विद्याभिमानही त्याने ग्रंथात झाकून ठेविला नाही. अशा रीतीने ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले.

येथे कोणी शंका घेईल की, आज्ञेवाचून कार्याला हात घालणे ही स्वैरता नव्हे काय? याचे उत्तर असे की, आज्ञेची वाट न पाहणे आणि आज्ञा डावलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हाइंभटांनी आचार्यांचे पद घेतले नाही, फक्त श्रम आपल्याकडे घेतले. जो श्रम मागतो तो सेवक. जो श्रमाच्या निमित्ताने मान मागतो तो स्वैर.

आजच्या जीवनातही हाच विवेक उपयोगी पडतो. आश्रमातील पोथीला वाळवी लागली आहे. पाहणारा म्हणतो, हे महंतांनी पाहावे. आणि महंतांना ते ठाऊकच नसते. कचेरीत एखादा शेतकरी एकेका कागदासाठी तीनदा परत जातो. कनिष्ठ लिपिक ते रोज पाहतो. लागणाऱ्या सर्व कागदांची यादी त्याने करावी, वरिष्ठांना दाखवावी आणि त्यांच्या संमतीने भिंतीवर लावावी. याला पदाची गरज नाही. संमती न मिळाली, तरी समोर आलेल्या माणसाला सगळे कागद एकदाच सांगणे त्याच्या हातचे आहेच. नकाराने रुसावे असे त्यात काही नाही.

तेव्हा उणीव दिसली की साधकाने आपल्या मनाला दोन प्रश्न करावेत. हे मी केले नाही, तर कोणाचे काय हरवेल? आणि हे करून माझे नाव झाले नाही, तरी मी करीन काय? दुसऱ्या प्रश्नाला मन होकार देईल, तर पात्रता आली असे समजावे. मग पदासाठी थांबू नये.