तीस महिन्यांचे देणे

सूरह अहकाफच्या १५ व्या आयतीत आईच्या कष्टांचा उल्लेख करताना अल्लाहने एक संख्या दिली आहे. मुलाला पोटात वाहणे आणि त्याचे दूध सुटणे, या दोहोंचा मिळून काळ तीस महिने. सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. तिसातून चोवीस वजा केले की सहा उरतात. विवाहानंतर सहा महिन्यांनी प्रसूत झालेल्या एका स्त्रीवर लोकांनी आळ घेतला, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी याच दोन आयती एकमेकींशेजारी ठेवून दाखवून दिले की सहाव्या महिन्यातले बाळंतपण संभवते. फिकहच्या ग्रंथांत गर्भाची किमान मुदत सहा महिने धरली जाते, ती या वजाबाकीवरून.

मात्र या आयतीवरचे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे भाष्य आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या मते, मूल नऊ महिन्यांनी जन्मले तर त्याला एकवीस महिने दूध पाजावे, सात महिन्यांनी जन्मले तर तेवीस महिने, आणि सहा महिन्यांनी जन्मले तर पूर्ण दोन वर्षे. वाचकहो, या हिशेबाकडे नीट पाहा. जे लवकर आले त्याचे देणे इथे वाढते. गर्भाशयात जे दिवस मिळाले नाहीत, ते मांडीवर भरून द्यायचे आहेत. अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणजे अर्धवट सोडून दिलेली वस्तू, अशी जी भावना समाजात दबक्या आवाजात वावरते, तिला या एका हिशेबात थारा उरत नाही.

आता प्रश्न असा की ज्या मुलाचे हे देणे बाकी आहे आणि ज्याची आई समोर नाही, त्याचे देणेकरी कोण?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले म्हणते. अठ्ठावीस-तीस आठवड्यांचे बाळ तळहातावर मावेल एवढे असते. त्याच्या फुफ्फुसांना श्वास पेलत नाही, चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला साधत नाही, म्हणून नाकातून नळी घालून दूध थेंबाथेंबाने जठरात सोडावे लागते. कुणाच्या मेंदूत रक्तस्राव होतो व पुढे पाणी साचते, कुणाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि महिन्याच्या आत तपासणी झाली नाही तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. काही मुले यातून बाहेर पडून इतरांसारखी धावू लागतात. काहींना वर्षानुवर्षे प्राणवायू, आकडीची औषधे, व्यायामोपचार आणि शस्त्रक्रिया लागतात. अशा मुलांपैकी काहींना आईबाप उरलेले नसतात, काहींना टाकून दिलेले असते. मूल घेऊ इच्छिणारी जोडपी बहुधा सुदृढ बाळाच्या प्रतीक्षेत थांबतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, पण ही मुले मागे राहतात हेही खरे.

आपल्या समाजात या विषयाची चर्चा अनेकदा एका वाक्यात आटोपते. इस्लाममध्ये दत्तक नाही. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि अर्ध्या वाक्याच्या आड बसून पुष्कळांनी आपली सुटका करून घेतली आहे. सूरह अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतींनी काय रद्द केले? तोंडाने कुणाला पुत्र म्हटल्याने तो रक्ताचा पुत्र होतो, हा समज रद्द केला. मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याचा आदेश दिला. आणि पिता माहीत नसेल तर? त्याच आयतीत त्याचेही उत्तर आहे: मग ते तुमचे श्रद्धेतले बंधू आणि तुमचे आप्त. ज्याचा बाप सापडत नाही त्याला बेवारस म्हणण्याची मुभा कुरआनने दिलेली नाही.

या आयतीचा पहिला परिणाम खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरावर झाला. हजरत जैद (रजि.) गुलाम म्हणून विकले गेलेले. त्यांचे वडील शोध घेत आले, तरी त्यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले, आणि प्रेषितांनी त्यांना पुत्र घोषित केले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. आयत उतरली आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव परत गेले, माया परत गेली नाही. पुढे मुअताच्या मोहिमेवर प्रेषितांनी पहिला सेनापती नेमला तो जैद (रजि.) यांनाच. आदेशाने मिथ्या नसब, म्हणजे खोटी वंशओळख, मिटवली. कुशीतली जागा हिरावली नाही.

शिवाय टाकून दिलेल्या बालकासाठी, ज्याला फिकहमध्ये लकीत म्हणतात, आपल्या फकीहांनी स्वतंत्र प्रकरणे लिहून ठेवली आहेत. असे मूल उचलणे ही समाजाची सामूहिक जबाबदारी, आणि न उचलल्यास ते मरेल अशी भीती असेल तर ज्याला ते दिसले त्याच्यावर ती व्यक्तिगत फर्ज होते. हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एक माणूस असे मूल घेऊन आला, तेव्हा त्यांनी मूल स्वतंत्र असल्याचे सांगितले, ते त्याच्याच हाती सोपवले आणि खर्च बैतुलमालवर घेतला. म्हणजे मांडी एका माणसाची आणि तिजोरी सर्वांची. अतिदक्षता विभागाचे एका रात्रीचे बिल ज्याने पाहिले आहे, त्याला या निवाड्याची थोरवी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक प्रसंग आठवा. हजरत मरयम (अलै.) यांचे पालकत्व कुणाकडे जावे यासाठी लोकांनी आपापल्या लेखण्या टाकून सोडत काढली आणि ते हजरत जकरिया (अलै.) यांच्याकडे आले, असे सूरह आलेइमरानमध्ये आहे. पालकत्वासाठी तिथे वापरलेल्या शब्दाच्या धातूपासूनच कफालत हा शब्द आला. माणसे त्या मुलीसाठी वाद घालत होती, ती आपल्याला मिळावी म्हणून! आज आपल्या बैठकांत उलट दिशेने वाद होतात.

सत्य सांगण्याच्या अटीबद्दल काहींना वाटते की ती निष्ठुर आहे, मुलाला तू आमच्या पोटचा नाहीस हे का सांगावे? अकाली जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांची एक रीत इथे उपयोगी पडते. ते त्याची दोन वये मोजतात. एक जन्मापासूनचे, दुसरे ज्या दिवशी ते जन्मायला हवे होते तेथपासूनचे. दोन वर्षांचे होईपर्यंत ते केव्हा बसले, केव्हा चालले, हे दुसऱ्या वयावरून जोखतात. एकच वय धरले तर मुलावर अन्याय होतो. ज्याचे जन्मदाते वेगळे आणि सांभाळणारे वेगळे, त्याच्या आयुष्यातही अशी दोन सत्ये असतात, आणि दोन्ही त्याची आहेत. ज्याला आयुष्यभर औषधोपचार लागणार, त्याच्या जन्मकुटुंबातील आजारांची माहिती दडपणे तर थेट घातक ठरू शकते.

परदा आणि महरम यांचा प्रश्न मात्र खराच आहे, आणि कळत्या वयात तो घरात अवघडलेपण आणतो. त्यावर शरीअतनेच दिलेला उपाय रजाअतचा, म्हणजे दूधनात्याचा. दोन वर्षांच्या आत सांभाळणाऱ्या स्त्रीने किंवा तिच्या बहिणीने बाळाला दूध पाजले तर मुलगा त्यांना महरम होतो. मुलगी असेल आणि सांभाळणाऱ्या पुरुषाच्या बहिणीने पाजले तर तो तिचा दूधमामा होतो. नळीने किंवा चमच्याने दिलेले दूधही पोटात गेले की बहुतेक फकीहांच्या मते पुरेसे आहे, हे चोखू न शकणाऱ्या बाळासाठी महत्त्वाचे. किती वेळा पाजावे यावर मतभेद आहेत. हनफी मतानुसार एकदाही पुरते, आपल्या कोकणातील शाफई बांधवांनी पाच वेळांची अट ध्यानात ठेवावी. डॉक्टरांच्या संमतीवाचून यातले काही करू नये, हे सांगायला नकोच.

याच संदर्भात दूधपेढीचा प्रश्न येतो. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अशा पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र होते, म्हणून कोण कुणाचा दूधभाऊ हे कळत नाही, या कारणाने जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये दूधपेढ्यांविरुद्ध निर्णय दिला होता. युरोपातील फतवा परिषदेने पुढे गरजेपोटी या दुधाला परवानगी दिली. अशक्त आतड्यांच्या बाळात मानवी दूध आतड्याच्या प्राणघातक दाहाचा धोका कमी करते. त्यामुळे प्राण वाचवण्याची निकड असेल तेव्हा संकोच करू नये, आणि जमल्यास मातांची नोंद मागून ठेवावी, असे मला वाटते. आपल्या आलिमांना अवश्य विचारा, पण काचेच्या पेटीसमोर उभे राहून नव्हे, त्याच्या आधी विचारा.

कायद्याबद्दल थोडक्यात. रुग्णालयातून परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही पवित्र असो. टाकलेले मूल बालकल्याण समितीमार्फतच मिळते. २०१४ मध्ये शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बाल न्याय अधिनियमाखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते, आणि ज्याला आपल्या व्यक्तिगत कायद्यानुसार चालायचे आहे त्याच्यावर सक्ती नाही. नात्यातल्या अनाथ मुलासाठी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा मार्ग आहे, पण ते पालकत्व सामान्यतः मूल अठरा वर्षांचे झाल्यावर संपते. ज्याला सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व आहे त्याचे काय? त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून, प्रौढपणीही कायदेशीर पालक नेमून घेता येतो. शरीअतच्या दृष्टीने हे मूल वारस नाही, पण वसीयतीने एक तृतीयांशापर्यंत आणि हयातीत हिबा करून त्याला देता येते. जे मूल स्वतः कमावू शकणार नाही त्याच्या बाबतीत हे कागद पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.

प्रेषित (स.) यांनी तर्जनी व मधले बोट किंचित फाकवून दाखवले होते, की अनाथाचा सांभाळ करणारा आणि मी जन्नतमध्ये असे जवळ असू. हे वचन ऐकून कुणाचे मन उचंबळणार नाही? तरी एक सावधगिरी हवी. मूल ही पुण्याची शिडी नाही. रात्री दोन वाजता नळी तुंबते, महिन्यातून तिसऱ्यांदा रुग्णालय गाठावे लागते, तेव्हा सवाबाचा हिशेब फार काळ टिकत नाही. सूरह दहरमध्ये ज्या सज्जनांची स्तुती आहे ते अनाथाला जेवू घालताना मोबदला तर सोडाच, आभारही मागत नाहीत. ज्या मुलाला कदाचित कधीच अम्मी म्हणता येणार नाही, त्याच्या संदर्भात या आयती पुन्हा वाचून पाहा.

लिबियात जन्मलेले मोहम्मद बझीक १९७८ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. १९८९ पासून लॉस एंजेलिस भागात ते आणि त्यांची पत्नी प्रतिपालक म्हणून मुले सांभाळत, आणि पुढे पुढे त्यांनी फक्त बरी न होणारी मुलेच घेतली. अनेकांना त्यांनी स्वतः दफन केले. २०१७ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा त्यांच्या घरी एक सहा वर्षांची मुलगी होती, जिला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. तिला फक्त स्पर्श कळतो, म्हणून ते तिला सतत धरून असत. तिच्या आयुष्याचा उपयोग काय, या प्रश्नाला ते अडखळलेले दिसत नाहीत. जे तिच्यापर्यंत पोहोचू शकत होते तेवढे ते पोहोचवत होते. १९७८ मध्येच कोलंबियातील बोगोटा येथे कांगारू पद्धती सुरू झाली, जिच्यात अशक्त बाळाला उघड्या छातीशी तासन्‌तास धरतात. तिला रक्ताचे नाते लागत नाही. सांभाळणाऱ्या पित्याची छातीही तेवढीच ऊब देते.

पण एकट्या छातीवर सगळे टाकता येत नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या निवाड्यातला दुसरा भाग जमातीकडे येतो, आणि इथे नसबचा तोच नियम मुलाच्या उपयोगी पडतो. सधन पित्याच्या अल्पवयीन मुलाला जकात लागू होत नाही. पण हे मूल सांभाळणाऱ्याच्या वंशातले नसल्याने त्याची संपत्ती मुलाची धरली जात नाही, आणि मुलाची स्वतःची मालमत्ता नसेल तर जमातीची जकात त्याच्या औषधोपचाराला देता येते. ती रक्कम मुलाची. तिचा हिशेब वेगळ्या वहीत राहावा, कारण अनाथाच्या मालाविषयी सूरह निसाच्या दहाव्या आयतीत जो इशारा आहे तो फार कठोर आहे. वीज गेल्यावर प्राणवायूचे यंत्र चालू राहावे म्हणून मशिदीच्या जनरेटरवरून त्या घरापर्यंत एक तार ओढता येईल का, आणि जुम्याच्या नमाजच्या वेळी त्या पालकाच्या जागी तासभर कोण बसेल, हे येत्या बैठकीत विचारता येईल.