दैवाचा पाचवा वाटा

प्रथमच यांत्रिक होडी चालवणाऱ्याची होडी खडकाला लागली, तर दोष कर्त्याचा की दैवाचा, हा प्रश्न केवळ नौकानयनाचा नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, ती म्हणजे अधिष्ठान अर्थात आश्रय, कर्ता, करण अर्थात साधन, चेष्टा अर्थात निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवे दैव.

नवख्याच्या चुका बहुधा चेष्टेत असतात. धक्क्याजवळ येताना तो घाबरून इंजिन बंद करतो, आणि पंखा थांबताच होडी वळवणारा जोरच नाहीसा होतो. शिवाय मागे बसवलेले इंजिन वळवले की आधी होडीचा मागचा भाग बाहेर सरकतो, आणि मोटारगाडीला सरावलेला हात नेमका येथे फसतो. भरती-ओहोटीचे अज्ञान वेगळ्या जातीचे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी जितके खाली जाते, तितके अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, जात नाही. त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या ज्या खडकांवरून होडी एका आठवड्यात सुखरूप जाते, तेच पुढच्या आठवड्यात तळ फोडू शकतात. पंचांगावरून आधीच कळणाऱ्या गोष्टीला दैव म्हणणे हा, स्पष्टच बोलायचे तर, आळस आहे.

श्रावणी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण होतो, परंतु तो अर्पण करणारा समाज त्याआधी पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो, हे भाविक पर्यटक सहसा विसरतो. अवचित फिरलेला वारा किंवा देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी सरकलेली वाळू, एवढेच दैवाच्या वाट्याला उरते. त्यातही वाळूची खबर स्थानिक नावाड्याला विचारता येते.